आडजागेची लाल खूण

धाकट्याला धाकटा म्हणावं असं त्याच्यात आता काही उरलं नव्हतं. साठी उलटली होती, टक्कल पडलं होतं, जिना चढताना गुडघे कुरकुरत होते. तरी सात जणांच्या त्या क्लॅरिनेट मंडळात तो सगळ्यांचा धाकटाच होता, कारण मंडळ ताईचं होतं आणि ताई त्याची सख्खी थोरली बहीण. तो नऊ वर्षांचा असताना तिनेच त्याच्या हातात पहिल्यांदा क्लॅरिनेट दिलं, आणि नंतरच्या बावन्न वर्षांत तिने त्याचा कान धरला नाही असा आठवडा क्वचितच गेला. शाळेत संगीत शिकवून ती रीतसर निवृत्त झाली होती. शिकवायची काही थांबली नव्हती.

दरवर्षी नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत मंडळाचा कार्यक्रम व्हायचा. नाताळची जुनी गाणी सात क्लॅरिनेटांना वाटून द्यायचं काम धाकट्याचं. चाल कुणाला, साथ कुणाला, खालचे जाड सूर कुणाला, हे तो जेवणाच्या टेबलावर कागद पसरून ठरवायचा. वाटणी म्हटली की कुरकुर आलीच. दंतवैद्याला नेहमी वाटायचं की आपल्या पदरात उरलंसुरलं पडतं. बस चालवणाऱ्या ड्रायव्हरला लांब सूर आवडायचे नाहीत. "दिवसभर सिग्नलला थांबतो, इथेही थांबू का?" असं तो दरवर्षी न चुकता विचारायचा. शिंपी नवरा-बायको एकमेकांकडे बघत वाजवायचे आणि चुकायचेही एकदमच. औषधांच्या दुकानातली बाई मंडळात सर्वांत नवी. तिला सगळे औषधवालीच म्हणत. ती ताईच्या शेजारी दुसऱ्या खुर्चीवर बसायची आणि पानावर जे असेल ते, जसं असेल तसं वाजवायची. धाकटा स्वतः सगळ्यांच्या मागे, कमरेएवढं उंच खर्जाचं क्लॅरिनेट घेऊन.

आणि या सगळ्यांवर ताईची लाल पेन्सिल. धाकट्याने पानं लिहिली की ती आधी ताईकडे जायची. श्वास कुठे घ्यायचा त्या प्रत्येक जागी ती एक लाल खूण करायची, मगच पान वाजवणाऱ्याच्या हातात पडायचं. सूर काय, कुणीही लिहील, पण माणसाला श्वास कुठे लागतो ते कळायला अक्कल लागते, असं ताईचं म्हणणं. हे धाकट्याने इतक्या वेळा ऐकलं होतं की ती सुरुवात करायची आणि तो शेवट करायचा.

चार वर्षांपूर्वी ताईच्या उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. तिने कुणाला सांगितलं नाही. पण क्लॅरिनेटची भोकं थेट बोटांच्या टोकांनी झाकायची असतात, आणि भोक पुरतं झाकलंय की नाही ते त्या टोकांनाच कळतं. केसभर फट राहिली की सूर किंचाळतो. ताईचा सूर आयुष्यात पहिल्यांदा किंचाळला तेव्हा ती म्हणाली, "थंडी आहे." दुसऱ्यांदा तोंडाकडचा वेताचा पातळ तुकडा बघत म्हणाली, "रीड जुनी झाली." तिसऱ्यांदा तिने नुसतं पान उलटलं. त्याच आठवड्यात तिने वाफा निघत असलेलं पातेलं फडक्याशिवाय उजव्या हाताने उचललं आणि सावकाश बाजूला ठेवलं. धाकटा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

विचारायची सोय नव्हती. ताईला तिच्या तब्येतीबद्दल विचारणं म्हणजे आपल्या पायाने जाऊन बोलणी खाणं. औषधवालीला सगळं ठाऊक असणार, कारण ताईची औषधं तिच्याच दुकानातून जात, पण ती गिऱ्हाइकाच्या औषधाबद्दल त्याच्या नवऱ्यालाही चकार शब्द सांगायची नाही. मग धाकट्याने त्याला जमत होतं ते केलं. कार्यक्रमात बाळ येशूला निजवायचं एक जुनं पाळणागीत दरवर्षी असायचं. त्याचं पहिलं कडवं ताई एकटी वाजवायची, बाकीचे खालून हळू साथ करायचे. लोक त्या कडव्यासाठी यायचे. नुसत्या डाव्या हातावर ओळीने सात सूर निघतात. धाकट्याने चार रात्री डोकं खाजवलं आणि ते कडवं अशा पट्टीत नेलं की ताईची सगळी चाल त्या सात सुरांत बसली. उजवा हात नुसता वाद्य धरायला.

लाल खुणा करताना ताईने पान वाचलं आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

"यंदा पट्टी बदललीस."

"जुनीचा कंटाळा आला."

"बरं," ताई म्हणाली.

बाकीच्यांची तारांबळ उडाली. दंतवैद्य म्हणाला, "धाकट्या, कुठल्या कोपऱ्यात नेऊन ठेवलंय गाणं? माझी बोटं एकमेकांत अडकतात." धाकट्याने ऐकून घेतलं. पुढची दोन वर्षंही ऐकून घेतलं. ताईचा सूर मात्र किंचाळला नाही, आणि आपण बहिणीला सांभाळतोय, तिला पत्ताही लागू न देता सांभाळतोय, याचं त्याला मनातल्या मनात कौतुक वाटायचं.

यंदा डाव्या हातालाही सुरुवात झाली.

पहिल्याच तालमीत त्याला ते कळलं. ताईने तिसरं बोट टेकवलं तिथे सूर फाटला. तिने बोट उचललं, बघितलं, पुन्हा टेकवलं, पुन्हा फाटला. "आजपासून कडवं मी घरी घोटीन," ती म्हणाली, "तालमीत तुम्ही फक्त साथ पक्की करा." सगळ्यांना ते योग्यच वाटलं. धाकटा घरी गेला आणि कागद पसरून बसला. तिसरं बोट वजा केलं तर सहा सूर उरतात. दुसरंही जाणार असेल तर पाच. पाळणागीत सहांत बसवून बघितलं, ओढून ताणून बसलं. पाचांत बसेना. त्याने पट्ट्या बदलल्या, चाल थोडी वाकवली, मधला एक तुकडा गाळला. गाळल्यावर ते गाणंच राहिलं नाही. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी तो कामावरून आला की तेच करत राहिला. इतकी वर्षं कुठलीही अडचण आली की तो कागदावर मार्ग काढायचा, आणि आता कागदावर मार्गच नव्हता. त्याला रडावंसं वाटलं, पण बायको समोर मटार सोलत होती.

शेवटी त्याने सहा सुरांचं पान ताईला दिलं. बाकीची पानंही दिली. तिने लाल खुणा करून सगळी परत केली. मग त्याने त्यातलं औषधवालीचं पान घरी आणलं आणि बारीक टाक घेऊन, पहिल्या कडव्यात जिथे तिला साथ होती, तिच्या वरच्या बाजूला ताईची पूर्ण चाल लिहिली. छोट्या सुरांत. छोटे सूर म्हणजे राखीव सूर. ज्याचे आहेत तो वाजवेनासा झाला तरच दुसऱ्याने ते उचलायचे. मोठ्या वाद्यवृंदांत हे सर्रास चालतं. त्यांच्या मंडळात अशी वेळ कधी आली नव्हती, कारण पहिल्या खुर्चीवर ताई होती.

औषधवालीला समजावून सांगायला तो दुकानात गेला. तिथे नेमकी ताईची शेजारीण खोकल्याचं औषध घेत उभी. तिच्यासमोर काय बोलणार? त्याने पान काउंटरवर सरकवलं, "हे नवं पान, जुनं फाडून टाका," एवढं म्हणाला आणि निघून आला. नंतर फोन करू असं ठरवलं आणि केला नाही.

पुढच्या तालमीत ताई म्हणाली, "आज पहिलं कडवं एकदा सगळे मिळून बघू." तिने चाल सुरू केली, आणि तिच्या शेजारून तीच चाल, हळूच, सावलीत चालल्यासारखी, दुसऱ्या क्लॅरिनेटवर यायला लागली. औषधवाली मान खाली घालून, मन लावून वाजवत होती. छोटे सूर आहेत म्हणजे हळू वाजवायचे असणार, असा तिने सरळ हिशोब केला होता.

ताई थांबली. सगळे थांबले. ताईने हात पुढे केला. "बघू तुझं पान."

तिने पान बराच वेळ वाचलं. दंतवैद्य काहीतरी गंमत करायला तोंड उघडत होता, त्याने ते मिटलं. धाकट्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"छोटे सूर म्हणजे हळू वाजवायचे नसतात," ताई शाळेत सांगायची त्याच आवाजात म्हणाली. "छोटे सूर म्हणजे थांबायचं. शेजारचा वाजवेनासा झाला की मग आपण उचलायचे. लक्षात आलं?"

"हो ताई," औषधवाली म्हणाली. तिच्या लक्षात सगळंच आलं होतं. ती लालबुंद झाली.

"यावर श्वासाच्या खुणा राहिल्यात. मी करून देते." ताईने पान घडी न घालता आपल्या पिशवीत ठेवलं.

परत जाताना दोघं धाकट्याच्या गाडीत होती. क्लॅरिनेटची पेटी ताईने मांडीवर धरली होती. ती पेटी ती कुणाला उचलू द्यायची नाही, इतकी वर्षं कधीच दिली नव्हती. घर आल्यावर उतरताना म्हणाली, "छोटे सूर सुबक काढलेस." बस्स. त्यापेक्षा तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी तिने पान त्याच्याकडे दिलं, औषधवालीला पोचवायला. त्याने घरी ते टेबलावर ठेवून तपासलं. छोट्या सुरांवर लाल खुणा अगदी चोख होत्या, वाक्य संपतं तिथे श्वास, दम लागतो तिथे श्वास. एकच खूण चुकली होती. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर, चाल वर चढत असताना, जिथे जगात कुणी श्वास घेणार नाही अशा आडजागी एक जाड, वाकडी, दोनदा गिरवलेली लाल रेघ.

हात हलला असणार. धाकटा त्या रेघेकडे बघत बसला. ताईच्या हातून चुकीच्या जागी खूण झाली. उद्या हे पान औषधवाली बघणार, शेजारून दंतवैद्य डोकावणार, आणि ताईला आता खुणाही धड करता येत नाहीत असं म्हणणार. फोन करून ताईला विचारता आलं असतं. पण विचारलं की हाताचा विषय निघणार, आणि तो विषय निघू नये यासाठी तर चार वर्षं सगळी धडपड चालली होती. त्याने रबर आणलं. लाल पेन्सिल सहजी जात नाही, तर कागद न फाटू देता, फुंकर मारत मारत, अर्धा तास खपून त्याने ती रेघ पुसली. पान पुन्हा स्वच्छ झालं. त्याला समाधान वाटलं. ताईसाठी आपण निदान एवढं तरी केलं, असं वाटलं.

कार्यक्रमाच्या दुपारी खोली भरली होती. खुर्च्या कमी पडल्या म्हणून मुलं पुढे जमिनीवर बसली होती. दोन गाणी धडाक्यात झाली, टाळ्या झाल्या, ड्रायव्हरने आपला एकुलता एक लांब सूर शेवटपर्यंत धरला. मग पाळणागीत.

ताईने सुरू केलं आणि खोली शांत झाली. धाकट्याने मागे आपला खालचा सूर धरला होता. पहिली ओळ छान गेली, दुसरी तर फारच छान. इतकं गोल, इतकं मऊ तिने गेल्या दोन वर्षांत वाजवलं नव्हतं. घरी बसून तिने किती घोटलं असेल! तिसरी ओळ आली, चाल वर चढायला लागली, आणि मध्यावर ताईने क्लॅरिनेट ओठांपासून खाली घेतलं. चुकून नव्हे. नीट, ठरवून, मांडीवर ठेवलं आणि औषधवालीकडे बघितलं.

धाकट्याला त्याच क्षणी कळलं. ती लाल रेघ श्वासाची खूण नव्हती. मी इथपर्यंत येईन, इथून पुढे तू ने, असं तिने लिहिलं होतं.

औषधवाली साथ वाजवत राहिली. वर चाल नव्हती. एक मात्रा गेली, दुसरी गेली. साथ रिकामी चालत होती आणि त्यातला सगळ्यांत मोठा आवाज धाकट्याच्याच खालच्या सुराचा होता. ती चाल त्याला तोंडपाठ होती, त्यानेच ती दहा वेळा लिहिली होती. पण त्याची बोटं जागची हलेनात. तो तसाच तो एक सूर धरून बसला. औषधवालीने वर बघितलं, घाबरली, छोट्या सुरांत जागा शोधायला लागली. ताईने ते पाहिलं आणि तिला सावरायला स्वतःच क्लॅरिनेट पुन्हा उचललं. घाईत बोटं कुठे पडली ते तिला कळणं शक्यच नव्हतं. सूर किंचाळला. पुढे बसलेलं एक मूल खुदकन हसलं आणि त्याच्या आईने त्याला गप्प केलं.

मग औषधवालीने चाल पकडली आणि शेवटापर्यंत नेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, नेहमीइतक्याच. ताईने नेहमीसारखी मान लववली.

लोक गेल्यावर औषधवाली पान घेऊन आली. तिचे डोळे भरले होते. "ताई, तुम्ही दुकानात म्हणालात ना, माझी एक खूण आडजागी असेल, तिथे मी थांबेन, तू उचल. मी सारखी शोधली. नव्हतीच. मला वाटलं, बोटं बरी वाटत असतील, तुम्ही सगळं वाजवणार. मी खूश झाले होते."

ताईने पान खिडकीशी नेलं आणि तिरकं धरलं. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर कागद घासून चकाकत होता. तिने त्यावरून बोट फिरवलं, मग आपल्या बोटाला ते कळणार नाही हे आठवून हात मागे घेतला. "तुझी काही चूक नाही," ती औषधवालीला म्हणाली. "छान निभावलंस. जा, घरी वाट बघत असतील."

खोलीत दोघंच उरली.

"रबर तुझंच ना?"

"मला वाटलं, हात हलला असेल."

"हललाच होता. खूण तरी बरोबर होती." ती खुर्चीवर बसली. "चार वर्षं माझे सूर गाळत आलास. कंटाळा आला म्हणालास, मी बरं म्हणाले. मला काय कळत नव्हतं? उजव्या हाताला काम नाही हे पान बघूनच कळलं मला. यंदा छोटे सूर लिहिलेस, तेही मीच सगळ्यांना समजावून दिले. मी माझ्या मनाने एकच खूण केली रे, आणि तीही तुला बघवली नाही."

धाकटा म्हणाला, "विचारायला हवं होतं."

"हो."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

ताईने खरोखर विचार केला. "नसतं," ती म्हणाली.

ती क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करायला लागली. ते घट्ट बसले होते आणि तिच्या हातात निसटत होते. त्याने ते तिच्या हातून घेतलं, सोडवलं, एकेक तुकडा आतून पुसून पेटीत ठेवला. तिने घेऊ दिलं.

"पुढच्या वर्षी सहा जणांसाठी लिही," ती म्हणाली.

"सात."

"आणि सातव्याला वाजवायला काय देशील?"

"एक सूर आहे," धाकटा म्हणाला. "मधला, मोकळा. त्याला एकही भोक झाकावं लागत नाही. बोटं बधिर असली काय, नसली काय. तूच मला पहिल्या दिवशी शिकवलास तो."

"आणि तोही तुला चार दिवस लागला नव्हता." ती किंचित हसली. "भोक झाकावं लागत नाही, कबूल. पण वाद्य धरायला अंगठा लागतो. तो किती दिवस आहे ते डॉक्टरलाही माहीत नाही."

"मी धरीन."

"कसा?"

"शेजारी बसून. खालून."

"वेडा आहेस. मग तुझं ते खर्जाचं धूड कोण वाजवणार?"

"कुणी नाही," धाकटा म्हणाला. "तूच म्हणालीस ना, सहा जणांसाठी लिही."

ताई उठली, पिशवी खांद्याला लावली आणि जिन्यापाशी जाऊन कठडा धरून उभी राहिली. पेटी टेबलावरच होती. धाकट्याने जरा वाट पाहिली, मग ती उचलली आणि तिच्या मागोमाग एकेक पायरी उतरायला लागला.